धम्मदीक्षेच्या २२ प्रतिज्ञांमध्ये ‘नवा जन्म’ कुठून आला?

१४ ऑक्टोबर १९५६. अशोक विजयादशमीचा दिवस, नागपूर. महास्थविर चंद्रमणी यांनी आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिलं. मग पांढरे कपडे घालून आलेल्या लाखोंच्या जनसमुदायाला बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या.

यातली २१ वी प्रतिज्ञा अनेकांना बुचकळ्यात टाकते. तिचा आशय असा, की आज माझा नवा जन्म होतो आहे. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो हे बाबासाहेबांना मान्य नव्हतं. मग हा जन्म कोणता? तर याच देहात, याच आयुष्यात घ्यायचा.

प्रतिज्ञांचा क्रम पाहिला की हे कळतं. पहिल्या आठही प्रतिज्ञा नकाराच्या आहेत: जुने देव, अवतार, श्राद्ध, पिंडदान, ब्राह्मणाकडून करवून घेतलेले विधी. समता, अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता, करुणा हे सगळं त्यानंतर येतं. हिंदू धर्म सोडून बौद्ध धम्म स्वीकारतो, असं १९ वी सांगते. म्हणजे आधी जागा रिकामी करायची, मग नवं आणायचं.

हा निर्णय घाईचा तर अजिबात नव्हता. ‘हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही’ या अर्थाची घोषणा बाबासाहेबांनी येवल्यात केली ती १३ ऑक्टोबर १९३५ ला. मधे २१ वर्षं गेली. आणि दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, त्यांचं महापरिनिर्वाण झालं. पुढचं सगळं लोकांनी त्यांच्याशिवाय निभावलं.

ते सोपं नव्हतं. घरोघरी देव्हारे रिकामे झाले, मूर्ती आणि टाक नदी-विहिरीत सोडले गेले. पिढ्यानपिढ्या पुजलेला देव उचलताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटलं असेल, याचा विचार आपण फारसा करत नाही. मेलेली गुरं ओढण्यासारखी गावकीची कामं नाकारली, की गावाचा रोष ठरलेला.

कायद्यानेही किंमत वसूल केली. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता (काही शीख जाती अपवाद), १९५६ मध्ये तो सर्व शीख दलितांना मिळाला. धर्म बदलला की केंद्राच्या सवलती गेल्या. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडलं.

तेव्हा नव्या जन्माची प्रतिज्ञा घेणाऱ्यांची पुढची पिढीसुद्धा नोकरीच्या वयाची झाली होती.