आडव्या रेषा पृथ्वीच्या, उभ्या माणसांच्या

फोनवरच्या नकाशात एखाद्या जागेवर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात. दक्षिण मुंबईत असाल तर साधारण १८.९ आणि ७२.८. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. शाळेत हे दोघं एकाच धड्यात भेटतात, 'फरक स्पष्ट करा'मध्ये शेजारी बसतात आणि जुळे भाऊ असल्यासारखे डोक्यात राहतात. पण त्यांच्या जन्मकथा अगदी वेगळ्या आहेत.

अक्षांश पृथ्वीनेच दिला. ती स्वतःभोवती फिरते म्हणून तिला दोन ध्रुव आहेत आणि ध्रुवांच्या बरोबर मध्ये विषुववृत्त. शून्य कुठे, यावर भांडायला जागाच नाही. मोजायलाही सोपं: ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, जवळपास तितका तुमचा अक्षांश. मुंबईत सुमारे १९, दिल्लीत साडेअठ्ठावीसच्या आसपास.

रेखांशाचं तसं नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. दोन गावांच्या स्थानिक वेळेतला फरक कळला, की रेखांशातला फरक निघतो. पण मोजायला सुरुवात कुठून करायची? पूर्व-पश्चिम दिशेला पृथ्वीला ना सुरुवात आहे ना शेवट. मग ज्याने त्याने आपापली सुरुवात ठरवली. टॉलेमीने त्याला माहीत असलेल्या जगाच्या पश्चिम टोकाची बेटं धरली. भारतीय ज्योतिर्गणिताने लंका आणि उज्जैन यांतून जाणारी रेषा धरली. पुढे फ्रेंचांनी पॅरिस धरलं, ब्रिटिशांनी ग्रिनिच.

जहाजं, तारायंत्रं आणि रेल्वे वाढल्या तसा हा गोंधळ परवडेना. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले. ग्रिनिचच्या बाजूने २२ मतं, विरोधात १, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ. ग्रिनिचच्या जमिनीत काही विशेष नव्हतं. जगातली बहुतेक जहाजं आधीच ब्रिटिश नकाशांवर चालत होती, बाकीच्यांनी बदलण्यापेक्षा तेच स्वीकारणं स्वस्त होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही स्टँडर्ड बहुधा असंच ठरतं: आधी वापर, मग ठराव. फ्रान्सने मात्र १९११ पर्यंत दम धरला. त्या वर्षी कायदा केला, पण त्यात ग्रिनिचचं नाव नाही. 'पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे' अशी फ्रान्सची वेळ ठरली. हिशेब तोच, फक्त नाक वर.

आणि ती रेषा तरी जागेवर राहिली का? ग्रिनिचच्या वेधशाळेत जमिनीवर धातूची रेषा आहे. पर्यटक तिच्या दोन बाजूंना पाय ठेवून फोटो काढतात. फोनमधलं जीपीएस तिथे शून्य दाखवत नाही. शून्य तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला सापडतं. जुन्या दुर्बिणीने 'सरळ खाली' ही दिशा स्थानिक गुरुत्वाकर्षणावरून ठरवली होती, आणि ती जागोजागी किंचित कलते. उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानाचा मध्य धरून मोजतात.

वॉशिंग्टनच्या सभेत भारताला स्वतंत्र मत असण्याचा प्रश्नच नव्हता. परिणाम मात्र इथेही पोचला. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची, म्हणजे ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ १९०६ च्या १ जानेवारीपासून भारताची प्रमाणवेळ झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. गुणाकार करून बघा: जवळपास पावणेदहा अंशांचा फरक, दर अंशाला ४ मिनिटं.

कागदावर हा साधा गुणाकार होता, गिरणीत नव्हता. घड्याळ ३९ मिनिटं पुढे म्हणजे भोंगा ३९ मिनिटं लवकर, तोही जानेवारीच्या थंड अंधारात. त्याच महिन्यात मुंबईच्या एका कापड गिरणीत कामगारांनी माग बंद ठेवून दगडफेक केली, आणि रोख होता गिरणीच्या घड्याळावर. शहरात सभा झाल्या, सह्यांचे अर्ज गेले. महापालिकेने आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवरच ठेवली. त्यामुळे कित्येक वर्षं या शहरात वेळ विचारली की 'कुठली?' असाही प्रश्न येऊ शकत होता. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. 'बॉम्बे टाइम' स्वातंत्र्यानंतरही टिकला, तो १९५५ पर्यंत.

एक वेळ असणं सोयीचंच आहे. नाहीतर रेल्वेचं वेळापत्रक कोण जुळवणार? पण नकाशावरची प्रत्येक उभी रेषा कुणीतरी बसून ठरवलेली आहे आणि तिची किंमत सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही, एवढं त्या धड्यात यायला हवं होतं. सूर्याने ठराव वाचलेला नाही. मुंबईत तो आकाशात सर्वांत वर येतो, तेव्हा आपल्या फोनमध्ये आजही सरासरी १२ वाजून ३९ मिनिटं झालेली असतात.