उल्हास दरी

पुणे व रायगड जिल्ह्यांच्या सीमेवर, खंडाळ्याच्या उत्तरेस उल्हास नदीने सह्याद्रीत कोरलेली खोल दरी. मुंबई–पुणे लोहमार्ग बोरघाटात हिच्या काठाने चढतो. पलीकडच्या अंगाला राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे बालेकिल्ले असून त्यांच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. कल्याण बंदरातून घाटमाथ्याकडे जाणारी प्राचीन वाट याच मुलखातली. पावसाळ्यात खंडाळ्याच्या बाजूने कुणे धबधबा दरीत झेपावतो. पुढे कर्जत, बदलापूर, कल्याण करीत नदी वसईच्या खाडीला मिळते.

दरी लाव्हाच्या आडव्या थरांत कोरलेली आहे. टणक बेसॉल्टचे ताशीव कडे आणि त्यांच्यामध्ये झिजलेल्या थरांचे झाडीचे टप्पे गाडीतूनही स्पष्ट दिसतात.

दरीचे मुख रुंद, पण माथा उभ्या कातळाने बंद. त्यामुळे तळातून लोहमार्ग वर नेणे अशक्य होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी म्हणून पळसदरीकडून खंडाळ्याकडे चढणारी डोंगराची सोंड निवडली. काम १८५६ मध्ये सुरू झाले व घाट १८६३ मध्ये खुला झाला. सु. २५ किमी.त ५५८ मी. चढ, २५ बोगदे, ८ व्हायाडक्ट. सर्वांत कठीण चढ ३७ मीटरांस एक मीटर. एके ठिकाणी वळणालाही जागा नव्हती. तिथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने पुढे नेत. ही व्यवस्था १९२० च्या दशकाअखेरपर्यंत टिकली.

या बांधकामाची खरी कथा मजुरांची आहे. १८६१ मध्ये ४० हजारांहून अधिक स्त्री-पुरुष इथे राबत होते. पाय ठेवायला जागा नसलेल्या कड्यांवर माणसे दोरांनी खाली सोडून सुरुंगाची भोके पाडून घेत. पटकी, ताप व अपघात यांत हजारो दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका पुरा करवला. त्यांचे नाव इतिहासात राहिले, हे योग्यच. मजुरांची नावे मात्र कोणी टिपली नाहीत, आणि घाटाचे कौतुक करताना ही उणीव सांगितलीच पाहिजे.

सह्याद्रीच्या पावसाने बांधकामाची कसोटी लवकरच घेतली: १८६७ च्या जुलैत एक दगडी व्हायाडक्ट कोसळला आणि तो नव्याने उभारावा लागला. विद्युतीकरणानंतर १९३० पासून ‘डेक्कन क्वीन’ या मार्गाने धावू लागली. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना चढासाठी कर्जतला मागून ‘बँकर’ इंजिने जोडतात. पावसाळ्यात मंकी हिल–ठाकूरवाडी भागात दरडी कोसळून वाहतूक आजही खोळंबते.