झाड तोडायचं, पण विचारायचं कोणाला?

गेल्या शनिवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर पार्किंगमधल्या जांभळाला नोटीस चिकटवलेली. झाड तोडण्याचा अर्ज आला आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावे, वगैरे वगैरे. अर्ज कोणाचा? आमच्याच सोसायटीचा! दोन गाड्यांची जागा होते म्हणे.

सोमवारी कँटीनमध्ये हे सांगितलं तर टीममधला एक मित्र हसायलाच लागला. तो डहाणूचा, घरची चिकूची वाडी. म्हणाला, "तुमच्या एका झाडाला नोटीस लागली. आमच्या अख्ख्या तालुक्यालाच लागली होती, १९९१ साली." झालं! त्या आठवड्यात रात्री दुसरं काही वाचलंच नाही.

आधी आपला, म्हणजे शहराचा कायदा. १९७५ साली महाराष्ट्राने नागरी भागातल्या झाडांसाठी वेगळा कायदा केला. आमच्यासारख्या लोकांना आवडावा असा आहे. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, दर पाच वर्षांनी झाडांची गणना, तोडण्याआधी जाहीर नोटीस, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला 'हेरिटेज' म्हटलं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची असंही ठरलं. स्पेक एकदम चोख.

पण हा कायदा शहरापुरता. बाहेर १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा चालतो, आणि त्यात सोळा जातींची यादी आहे : साग, खैर, मोह, ऐन, आंबा, फणस, चिंच, तिवर अशी. जांभूळही आहे (वाचून आमचं झाड उगाचच मोठं वाटायला लागलं). चिकू मात्र नाही. आणि १९६९ चा आणखी एक कायदा सापडला, ज्याबद्दल मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरची झाडं विकायची असतील तर व्यवहार कलेक्टरच्या मार्फत. पहिल्यांदा वाटलं, हे काय? स्वतःच्या जमिनीतलं झाड विकायला कलेक्टर कशाला मध्ये?

याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, तलासरीकडच्या इतिहासात आहे. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची परिषद भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरीचा भाग आपल्याकडे राहिला. परिषदेमागे किसान सभा होती, शामराव आणि गोदावरी परुळेकर. वारल्यांनी तिथे ठरवलं, वेठबिगार बंद. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं, त्या लग्नगड्याची पद्धतही बंद. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. तरी पुढच्या वर्षी जंगलात लाकूड तोडणाऱ्यांनी संप केला. मागणी काय, तर दिवसाला सव्वा रुपया. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं नसेल तर जरूर वाचा, मी फार उशिरा वाचलं.

म्हणजे या भागात झाडाचा प्रश्न कधी गणनेचा नव्हताच. झाड कोण तोडतो, कोणाच्या हुकमावरून तोडतो आणि पैसे कोणाच्या खिशात जातात, हा होता. ठेकेदार आदिवासींची झाडं कवडीमोलाने उचलत, म्हणून १९६९ चा कायदा आला. कायद्याने लूट थांबते का हा वेगळा प्रश्न, पण निदान लूट होते हे सरकारने लिहून तरी दिलं!

आता मित्राची नोटीस. डहाणूला ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र येणार होतं. लोक कोर्टात गेले आणि हरले. त्याच वर्षी, २० जून १९९१ ला, केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. सगळे उद्योग मिळून जास्तीत जास्त ५०० एकर, आणि वाड्या, हिरवे पट्टे, आदिवासी वस्तीचे भाग यांचा जमीन-वापर बदलायचा नाही. १९६४ च्या यादीत नसलेला चिकू इथे वाडीच्या रूपाने वाचला. (घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) शिवाय तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवायचा. शेजारचं तलासरी त्या पट्ट्यात आपोआप आलं. तिथल्या माणसाला कोणी विचारलं होतं का? दिल्लीहून आलेल्या नियमात ती सोय नसते.

ती थोडीफार झाली १९९६ मध्ये. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि त्यातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. माणसं समोर जाऊन बोलू शकतील आणि कंपनीला उत्तर द्यावं लागेल, अशी एक जागा झाली. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवणचं बंदर नाकारलं. वीज केंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली, तीही कित्येक वर्षं पाठपुरावा करून. माझ्या मते असं दणकट स्थानिक प्राधिकरण महाराष्ट्रात दुसरं झालं नाही. पण आमच्या भाषेत 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात, तसं ते बरंचसं एका माणसावर उभं होतं. जानेवारी २०१९ मध्ये धर्माधिकारी गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणला अटी घालून परवानगी दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. मच्छीमारांचा विरोध चालूच होता.

मित्राला विचारलं, तुम्हाला हे नियम हवे होते की नको? म्हणाला, "वडिलांना विचारलंस तर हवे होते. काकाला शेड टाकायची होती, त्याला विचार."

असो. गुरुवारी हाफ डे टाकून हरकत देऊन आलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, झाडाचं वय किती? माहीत नाही म्हटलं. वॉचमनकाका बारा वर्षांपूर्वी आले तेव्हा ते तिसऱ्या मजल्यापर्यंत होतं एवढं कळलंय. बाईंनी ते तसंच लिहून घेतलं.