अभिकल्प-तत्त्वे

अभिकल्प-तत्त्वे : वस्तू, वास्तू, यंत्र, छापील पान, उपचारपद्धती किंवा संस्था यांचा आराखडा ज्या सर्वसाधारण निकषांवर ठरवला आणि पारखला जातो, ते निकष. व्यवहारात ‘डिझाइन’ हा शब्द रूढ आहे. परिभाषेत त्याला अभिकल्प किंवा संकल्पन म्हणतात. तत्त्व आणि नियम यांत फरक आहे. दाराची उंची दोन मीटर असावी, हा नियम. दार वापरणाऱ्याच्या अंगमापाला साजेसे असावे, हे तत्त्व. नियम एका क्षेत्रापुरता असतो. तत्त्व घराला लागू पडते तसेच दवाखान्याला आणि ग्रामसभेलाही लागू पडते. प्रत्येक ठिकाणी बदलतो तो तत्त्वांचा अग्रक्रम. हा अग्रक्रम कसा ठरतो हे पाहण्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुका आणि भोवतालचा वनप्रदेश उपयोगी पडतो. दाट जंगल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, मराठीहून वेगळी असलेली माडिया भाषा आणि मोजकी साधने यांमुळे आराखड्यातली चूक येथे झाकून राहत नाही.

विकास : टिकाऊपणा, उपयुक्तता आणि सौंदर्य ही वास्तूची तीन लक्षणे रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने इ. स. पू. पहिल्या शतकात सांगितली. वस्तूचे रूप तिच्या कार्यावरून ठरते, हा विचार अमेरिकन वास्तुविशारद लुई सलिव्हन याने १८९६ मध्ये मांडला. १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउस या संस्थेने कला, कारागिरी आणि कारखानदारी एका अभ्यासक्रमात आणली. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९५८ मध्ये दिलेल्या अहवालात उत्तम अभिकल्पाचा नमुना म्हणून साध्या लोट्याची निवड केली होती. त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. पुढे डोनाल्ड नॉर्मन याने १९८८ मध्ये रोजच्या वापरातील वस्तूंच्या सुबोधतेवर ग्रंथ लिहिला. रोनाल्ड मेस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वृद्ध, अपंग, लहानमोठे अशा सर्वांना वापरता येईल अशा अभिकल्पाची सात तत्त्वे प्रसिद्ध केली.

प्रमुख तत्त्वे : तत्त्वांच्या याद्या अनेक आहेत. त्यांत पुनःपुन्हा येणारी तत्त्वे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

उपयुक्तता. वस्तूने आपले काम चोख करावे. ईम्स दांपत्याने लोट्याबद्दल विचारलेले प्रश्न, म्हणजे किती पाणी मावते, भरल्यावर तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, डोक्यावर वा कमरेवर कसा नेता येतो, हे येथील माडिया व गोंड या आदिवासी समाजांच्या घरांतील तुंब्यालाही विचारता येतात. पक्व भोपळा पोखरून, वाळवून तुंबा करतात. तो वजनाला हलका असतो, अरुंद तोंडामुळे चालताना त्यातले पाणी हिंदकळून सांडत नाही आणि रानात दिवसभर बरोबर नेता येतो. फुटला तर परसात दुसरा पिकतो.

संदर्भानुरूपता. आराखडा हवामान, साहित्य आणि रीतिभाती यांना धरून असावा. बांबूच्या कुडाला माती लिंपून केलेली भिंत आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकणारे उतरते, पुढे आलेले छप्पर ही या प्रदेशातील घरांची ठेवण जवळच्या साहित्यातून आणि पावसाच्या अनुभवातून आली आहे.

साधेपणा. काम होण्यासाठी लागतात तेवढेच भाग ठेवावेत. पळसाच्या पानांचा द्रोण दोनतीन पाने आणि एकदोन काड्या यांतच पुरा होतो. वापर संपला की तो मातीत जातो.

सुबोधता. वस्तू कशी वापरायची हे तिच्या रूपावरूनच कळावे. बांबूच्या कामट्यांच्या मासे धरण्याच्या सापळ्यात तोंडाशी आतल्या बाजूला वळलेल्या अणकुचीदार कामट्या असतात. प्रवाहाबरोबर मासा आत शिरतो, बाहेर पडण्याची वाट मात्र त्याला सापडत नाही. वापरणाऱ्याला सूचना द्यावी लागत नाही, राखणही करावी लागत नाही. सारी युक्ती आकारातच आहे.

चुकीला सामावून घेणे. माणूस चुकणार हे गृहीत धरून चुकीचा परिणाम सौम्य राहील, ती लवकर दिसेल आणि सुधारता येईल अशी योजना असावी.

दुरुस्तीची सोय. बिघडलेला भाग जागेवर, स्थानिक माणसाला बदलता यावा. तालुक्याच्या गावापासून दूर असलेल्या पाड्यावर हे तत्त्व बरेच वर चढते. तेथे नवा हातपंप बसवण्याइतकेच जुन्याचा वॉशर बदलणारा माणूस जवळ असणे महत्त्वाचे असते.

सहभाग. ज्याच्यासाठी वस्तू घडते, त्याचे म्हणणे आराखडा पक्का होण्याआधी ऐकावे.

दृश्यकला व मुद्राक्षरकला : चित्र, विणकाम, छपाई या क्षेत्रांत तोल, प्रमाण, लय, विरोध, ठळकपणा आणि एकात्मता ही तत्त्वे पुढे येतात. चंद्रपूर-गडचिरोलीतील बुरुड कारागिरांच्या सूप-टोपल्यांत लय ही शोभेपुरती नसते. आडव्या-उभ्या कामट्या ठरावीक अंतराने खालीवर गेल्या की भार सर्वत्र सारखा वाटला जातो. वीण चुकली की नक्षी बिघडते आणि टोपलीही त्याच जागी फाटते. अक्षररचनेत हीच तत्त्वे वेगळे रूप घेतात. देवनागरीत शिरोरेषा शब्दाला एकत्र बांधते, तर वेलांट्या, मात्रा आणि उकार वर-खाली जागा मागतात. त्यामुळे रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींतील अंतर मराठी मजकुराला अपुरे पडते. सुलेखनकार आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकासाठी केलेल्या ‘मंगल’ या अक्षरसंचाला याच अडचणीतून वाट काढावी लागली.

स्थापत्य अभियांत्रिकी : येथे सुरक्षितता, टिकाऊपणा आणि खर्च यांचा मेळ घालावा लागतो. भामरागड गाव पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. आलापल्लीहून येणाऱ्या रस्त्यावरील पर्लकोटा नदीचा जुना ठेंगणा पूल पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली जाऊन तालुक्याचा संपर्क तुटत आला. ठेंगणा पूल हा प्रकार मुळात सदोष नव्हे. पूर थोडा वेळ टिकणार असेल आणि वाहतूक विरळ असेल, तर पाणी वरून जाऊ देणारा, पुराच्या ओघाला कमी अडथळा करणारा पूल स्वस्त आणि टिकाऊ ठरतो. मात्र पर्लकोटेचे पाणी तिच्या एकटीच्या पाणलोटावर अवलंबून नाही. छत्तीसगडकडून येणारी इंद्रावती फुगली की संगमाशी पाणी तुंबते आणि फुगवटा मागे पुलापर्यंत येतो. मग भामरागडला पाऊस उघडला तरी पूल मोकळा होत नाही. कोणत्याही आराखड्यात व्यवस्थेची सीमा कुठे आखली, हा पहिला प्रश्न असतो. येथे एका नदीचा हिशेब पुरत नाही, तीन नद्यांचा एकत्र करावा लागतो. खर्चाची मोजणीही त्याबरोबर बदलते : पुलापलीकडे अडकलेली बाळंतीण आणि न पोहोचलेले धान्य हिशेबात धरले, तर स्वस्त पूल स्वस्त राहत नाही.

वैद्यक व आरोग्यसेवा : अभिकल्प-तत्त्वांचा या प्रदेशातील सर्वांत अभ्यासलेला वापर आरोग्यक्षेत्रात झाला. बालमृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठे कारण असते आणि तो ओळखण्याची एक खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांखालील बाळाने मिनिटाला ६० किंवा अधिक, तर त्याहून मोठ्या तान्ह्या मुलाने ५० किंवा अधिक श्वास घेतले तर धोका समजतात. खेड्यातील निरक्षर सुइणींना एवढी मोजणी करणे आणि घड्याळ पाहणे कठीण होते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेने त्यासाठी श्वासमापक तयार केला. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि वयोगटानुसार मण्यांच्या दोन ओळी असतात. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की उपचार सुरू करायचे. आकडे, वाचन आणि गणित मधून निघून गेले, निदान उरले. साधेपणा, सुबोधता आणि चुकीला सामावून घेणे ही तिन्ही तत्त्वे या एका साधनात भेटतात.

याच संस्थेने नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याची पद्धत बसवली. रुग्णालय दूर असेल, तर सेवेचा आराखडा घरापासून सुरू करावा, हे त्यामागील सूत्र. गावातीलच स्त्रीला प्रशिक्षण देऊन तिच्याकडे बाळाचे वजन, तापमान, ऊब, श्वास आणि जंतुसंसर्गावरील उपचार सोपवले गेले. ३९ गावांतील या प्रयोगाचा अहवाल १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तुलनेच्या गावांशी पाहता नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट नोंदवली गेली. २०११ पासून भारत सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली.

इमारतीबाबतचा धडा निराळा आहे. मोठ्या, बंदिस्त रुग्णालयाची आदिवासींना भीती वाटते आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येत नाही, हे लोकांकडून समजल्यावर ‘सर्च’च्या शोधग्राम येथील दवाखान्याची रचना आदिवासी पाड्यासारखी, झोपड्यांच्या धर्तीवर करण्यात आली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची वाटचालही अशीच लोकांच्या कलाने झाली. आधी दवाखाना आला. लोकांचा विश्वास बसू लागल्यावर १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. सेवांचा क्रम हादेखील अभिकल्पाचा भाग असतो.

संस्था व सामाईक मालमत्ता : संस्थेलाही आराखडा असतो. जंगल, कुरण, पाणी अशी सामाईक साधने टिकवून धरणाऱ्या समाजांचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये आठ अभिकल्प-तत्त्वे मांडली : स्पष्ट सीमा, स्थानिक परिस्थितीला धरून नियम, नियम ठरवण्यात वापरणाऱ्यांचा वाटा, देखरेख, अपराधानुसार चढता दंड, तंटे मिटवण्याची जवळची सोय, संघटनेच्या हक्काला शासनाची मान्यता आणि मोठ्या व्यवस्थेत थरांची गुंफण. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाची पद्धत या तत्त्वांशी बरीच जुळते. निर्णय बहुमताने होत नाहीत, ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात. विषयाची चिकित्सा अभ्यासगटात होते, म्हणून चर्चा आणि निर्णय यांची गल्लत होत नाही. सर्वसहमतीला वेळ लागतो, पण एकदा झालेला निर्णय पाळण्यासाठी पहारा कमी लागतो. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला, तेव्हा ऑस्ट्रॉम यांच्या यादीतील शासनमान्यतेचे तत्त्व कागदावरून व्यवहारात आले.

संगणकशास्त्र : येथे मोठे काम स्वतंत्र घटकांत विभागणे आणि घटकाचा आतला तपशील बाहेर न दिसू देणे ही तत्त्वे प्रमुख आहेत. क्षेत्रांतील देवाणघेवाणीचे ठळक उदाहरणही येथेच मिळते. वास्तुविशारद क्रिस्टोफर अलेक्झांडर याने १९६४ च्या ग्रंथात गुजरातमधील बावरा या खेड्याच्या १४१ गरजा नोंदवून त्या परस्परसंबंधांनुसार गटांत लावल्या. १९७७ मध्ये त्याने पुनःपुन्हा येणाऱ्या रचनांचे ‘नमुने’ संकलित केले. हीच नमुन्यांची कल्पना पुढे सॉफ्टवेअर लेखनातही रूढ झाली. भामरागडसारख्या ठिकाणी या शास्त्रातही अग्रक्रम बदलतो : नेटवर्क नसताना नोंद साठवणारे आणि संपर्क आल्यावर ती पाठवणारे साधे ॲप, सतत जोडणी मागणाऱ्या देखण्या ॲपपेक्षा चांगले ठरते.

तत्त्वांतील विरोध व मर्यादा : तत्त्वे एकमेकांना नेहमी पूरक नसतात. साधेपणा वाढवला तर सोयी कमी होतात. टिकाऊपणा वाढवला तर खर्च वाढतो. सहभाग वाढवला तर वेळ लागतो. कोणत्या तत्त्वाने कशापुढे नमते घ्यायचे, हे वापरणारा, जागा आणि चुकीची किंमत यांवरून ठरते. याहून मोठी मर्यादा कुर्माघराच्या उदाहरणात दिसते. मासिक पाळीच्या काळात माडिया व गोंड स्त्रियांनी राहण्याची ही वेगळी झोपडी बहुधा कोंदट, शौचालय नसलेली आणि साप-विंचवांपासून असुरक्षित असे. अलीकडे काही गावांत पाणी, शौचालय आणि पलंग असलेली पक्की कुर्माघरे बांधण्यात आली. उपयुक्तता, सुरक्षितता आणि संदर्भानुरूपता या तिन्ही कसोट्यांवर ती जुन्याहून सरस आहेत. तरीही चांगल्या इमारतीमुळे स्त्रियांना वेगळे ठेवणारी प्रथाच पक्की होते, असा आक्षेप घेतला जातो. अभिकल्प-तत्त्वांवरून वस्तू कशी असावी हे ठरवता येते; ती असावी की नसावी, याचा निर्णय त्यांच्या कक्षेबाहेरचा आहे.