प्रवाह, कण आणि माणूस : पडद्यावरच्या गर्दीचा इतिहास

संकटाच्या वेळी इमारतीतून माणसे किती वेळात बाहेर पडतील, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. एडिंबरा येथील एम्पायर पॅलेस नाट्यगृहात ९ मे १९११ रोजी लाफाएत या जादूगाराच्या प्रयोगात रंगमंचावर आग लागली, तेव्हा अग्निरोधक पडदा खाली सोडण्यात आला, वाद्यवृंदाने राष्ट्रगीत सुरू केले आणि सुमारे तीन हजार प्रेक्षक अडीच मिनिटांच्या आसपास सुखरूप बाहेर पडले. पडद्यामागे मात्र खुद्द लाफाएतसह अनेकांचा बळी गेला. ब्रिटनमधील सुरक्षानियमांत पुढे रूढ झालेल्या अडीच मिनिटांच्या मुदतीचे मूळ याच घटनेत शोधले जाते. एका रात्रीच्या, तेही वाद्ये वाजत असतानाच्या अनुभवाला इतके वजन यावे, हे नवलच म्हटले पाहिजे.

त्या काळच्या हिशेबात गर्दी म्हणजे प्रवाह होता : दाराची रुंदी आणि मिनिटाला त्यातून जाणारी डोकी, एवढेच गणित. १९७१ मध्ये हेंडरसन यांनी गर्दीला वायूच्या रेणूंची सांख्यिकी लावून पाहिली, तरी माणूस निर्विकारच राहिला. दिशा बदलली ती १९८७ मध्ये, आणि तीही चित्रपटांशी निगडित असलेल्या संगणकीय चित्रणाच्या क्षेत्रात. क्रेग रेनॉल्ड्स यांनी पक्ष्यांचा थवा उडवून दाखवताना थव्यासाठी एकही नियम लिहिला नाही. प्रत्येक पक्ष्याला शेजाऱ्यांशी टक्कर टाळणे, त्यांच्या वेगाशी जुळवून घेणे आणि त्यांच्याजवळ राहणे एवढेच शिकवले. भोवतालची स्थिती पाहून आपले पाऊल आपणच ठरवणाऱ्या अशा घटकाला ‘एजंट’ म्हणतात.

डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘सामाजिक बला’च्या प्रतिरूपात पादचाऱ्याला इच्छित वेगाची ओढ असते आणि इतर माणसे व भिंती त्याला दूर लोटतात. याच धर्तीवर हेल्बिंग, फार्कस आणि विचेक यांनी २००० मध्ये दाखवले की सर्वांनी घाई केली, तर दारापाशी माणसांची कमान अडकते आणि बाहेर पडायला उलट अधिक वेळ लागतो. निष्कर्ष मोलाचा होता, परंतु त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘घबराट’ होती. खरी बेभान घबराट विरळाच असते, हे समाजशास्त्रज्ञ क्वारंटेली १९५० च्या दशकापासून सांगत होते. तर समरलँड या करमणूक केंद्राला १९७३ मध्ये लागलेल्या आगीचा अभ्यास करणाऱ्या जोनाथन साइम यांना आढळले की माणसे आधी आपल्या माणसांकडे आणि ओळखीच्या वाटेकडे वळतात. गणिताला कुटुंब उशिरा दिसले.

ग्रिनिच विद्यापीठात विकसित झालेल्या ‘एक्झोडस’सारख्या प्रणालींनी एजंटाला वय, चालण्याची क्षमता आणि प्रतिसादकाळ, म्हणजे इशारा मिळाल्यापासून हालचाल सुरू होईपर्यंतचा अवधी, बहाल केला. आता आभासी इमारतीत खरा माणूसही एजंटांबरोबर चालू शकतो, त्यामुळे धुरात कोंडून करता न येणारे प्रयोग शक्य झाले. अर्थात जिवाची भीती काही तिथे पुरवता येत नाही.

भारतीय गर्दीबाबत आणखी एक अडचण आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारत आणि जर्मनी येथील एकेरी रांगांच्या तुलनेत असे आढळले की भारतीय एकमेकांपासून कमी अंतर राखतात आणि दाटी वाढली तरी त्यांचा वेग जर्मनांइतका घटत नाही. २००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात ३९ भाविक चेंगरून मेले. तिथल्या घाटांचे नियोजन करताना युरोपीय मोजमापांवर बेतलेले एजंट जसेच्या तसे वापरणे चुकीचे ठरेल, आधी इथल्या गर्दीचीच मोजणी झाली पाहिजे.