फावल्या वेळचे टाके

सिकंदराबादेत थंडी ती कितीशी? तरी दिवाळी झाली की मी सुया काढतेच. कुणाच्या बाळाला टोपडं, नणंदेला शाल, मैत्रिणीला मफलर. बघणारे म्हणतात, "छान छंद आहे हो!" पण मैत्रिणींनो, या छंदाला इतिहास आहे.

आमचं गाव इंग्रजी छावणीचं. १८०६ साली निजाम सिकंदर जाह यांच्यावरून त्याला नाव पडलं. सुयांवरचं विणकाम या देशात रुजलं ते बहुतेक अशा मडमांमुळे आणि मिशनच्या शाळांमुळे. क्रोशाचंही तेच. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गोदावरीच्या मुखाजवळ, नरसापूर भागात, बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे तिचा धंदा झाला, माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे जाऊन अभ्यास केला. १९८२ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यांना काय दिसलं? बायका घरचं सगळं उरकून तासन्‌तास विणत. मजुरी नावापुरती, नफा व्यापाऱ्यांचा. कारण त्या पडल्या 'गृहिणी', आणि त्यांचं विणणं म्हणे फावल्या वेळातलं!

तेव्हापासून 'फावला वेळ' हा शब्द मला टोचतो. आपल्या रुखवतातले क्रोशाचे रुमाल, तोरणं, त्यांचे तास कुणी मोजले? आपल्या माणसांना विणून द्यावं ते मायेनंच, तिथे हिशेब नको. पण बाजारात हातची लेस घेताना घासाघीस करू नये. एका ओळीला किती वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे ना?