कॅसलरॉकची वेस

रेल्वेचा इतिहास म्हटला की आपल्याला आठवते ते १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी. ते योग्यच आहे. पण आपल्या सीमाभागाच्या दारातून गेलेल्या एका लोहमार्गाची कहाणी पाठ्यपुस्तकात नाही. ती आहे लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे आणि मुरगाव या वाटेची.

या मार्गाचे मूळ एका करारात आहे. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मुरगाव बंदर आणि तेथून घाटमाथ्यापर्यंतचा लोहमार्ग बांधायचा, दोन्ही मुलखांतील जकात उठवायची, असे त्यात ठरले. त्याच्या बदल्यात गोव्यातील मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले. पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये भरपाई मिळाली. परंतु मिठागरांवर पोट असणाऱ्यांचे हाल झाले. रेल्वेची पहिली किंमत मोजली ती त्यांनी!

मार्ग बांधला इंग्रज भांडवलाच्या कंपनीने आणि व्याजाची हमी घेतली पोर्तुगीज सरकारने. मुरगावपासून हद्दीपर्यंत अंतर ५१ मैल, रूळ मीटरगेज. ब्रागांझा घाटात तर चाळीसेक फूट पुढे जावे तेव्हा गाडी एक फूट वर चढे. १८८८ साली हा मार्ग पुरा झाला आणि सदर्न मराठा रेल्वेला जोडला गेला. १८९० पर्यंत बेळगावमार्गे पुणेही जोडले गेले आणि पोटापाण्यासाठी मुंबई गाठणाऱ्या गोवेकरांना ही वाट सोयीची झाली.

मात्र १८९२ मध्ये तह संपला आणि जकात परत आली. अलीकडे कॅसलरॉक, पलीकडे कुळे! माणसे तीच, भाषा तीच, सोयरीकही तीच. पण मध्ये पेट्या उघडून दाखवाव्या लागत.

१९५५ मध्ये तर गाडीच थांबली. गोवामुक्तीचा लढा तीव्र झाला, भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि हद्दीवरची वाहतूक बंद पडली. मधल्या काळात किती माहेरवाशिणी दिवाळीला माहेरी येऊ शकल्या नसतील, याची नोंद कुठल्या दप्तरात सापडायची? १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्यानंतर हा मार्ग भारतीय रेल्वेत आला आणि पुन्हा वाहता झाला.

१९९० च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचा प्रवासी त्या वाटेने वळला. तरी वाचकहो, कधी लोंढ्याहून गोव्याला निघालात, तर कॅसलरॉकला क्षणभर खिडकीबाहेर पाहा. आज तिथे कुणी पेटी उघडायला सांगत नाही. आपल्या आजी-आजोबांना मात्र ते सुख सहजी मिळाले नव्हते.